फाशीच्या आदल्या रात्री नवा साक्षीदार उभा करता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचाच एक तरुण फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यावर थरारपट लिहितोय. त्याच्या कथेत कैद्याला पहाटे फाशी द्यायची आहे. आदल्या रात्री वकिलाला खरा साक्षीदार सापडतो, वकील त्याला गाडीत घालून न्यायाधीशांच्या बंगल्यावर नेतो, तिथे साक्ष होते आणि फाशी थांबते. त्याने विचारलंय: हे आपल्या कायद्यात बसतं का, आणि बसत नसेल तर प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवेल असं दुसरं काय आहे?

मी पंचवीसहून जास्त वर्षं नाशिकच्या जिल्हा न्यायालयात बचावाच्या बाजूने फौजदारी वकिली करतोय. सरकारी पक्षाने फाशी मागितली असे खटले माझ्या वाट्याला मोजकेच आले, पण त्यातला एकही विसरलेलो नाही. त्या अनुभवावरून सांगतो. मध्यरात्री न्यायाधीश बसणं कायद्यात बसतं, तसं घडलेलंही आहे. पण त्या रात्री साक्षीदाराची साक्ष होत नाही. रात्री फाशी थांबते ती प्रक्रियेतल्या एखाद्या मुद्द्यावर. माणूस सुटतो तो वेगळ्या कारणाने, बहुतेक वेळा कित्येक वर्षं फाईलमध्ये पडून असलेल्या कागदामुळे. तुम्ही या दोन गोष्टी एकाच रात्रीत कोंबल्या आहेत. त्या सुट्या केल्या तर कथा कमजोर होईल असं तुम्हाला वाटेल. माझं मत उलट आहे.

आधी हे सांगायला हवं की बरंच काही तुमच्या कथेवर अवलंबून आहे. गुन्हा साधा खुनाचा आहे की दहशतवादाचा, आरोपी एकटा आहे की चौघे, घटनेच्या दिवशी त्याचं वय किती होतं, खटला 1 जुलै 2024 च्या (नवे फौजदारी कायदे लागू झाले त्या दिवसाच्या) आधीचा की नंतरचा, यावर कलमं आणि मुदती बदलतात. मी साधा खुनाचा खटला धरून लिहितो.

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली म्हणजे फाशी झाली, असं नसतं. ती शिक्षा उच्च न्यायालयाने कायम करावी लागते, आरोपीने अपील केलं नाही तरीही. आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 407 आहे, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 366 होतं. नाशिकचं प्रकरण मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातं, म्हणजे सकाळची पंचवटी एक्स्प्रेस आणि मांडीवर पेपरबुकांचा, म्हणजे खटल्याच्या छापील कागदपत्रांचा, गठ्ठा. तिथे किमान दोन न्यायमूर्तींपुढे सुनावणी होते. मग सर्वोच्च न्यायालयात अपील, मग पुनर्विचार याचिका, राज्यपालांकडे दयेचा अर्ज, राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज आणि क्वचित क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विचारही फेटाळल्यावरचा शेवटचा अर्ज. या वाटेवर दहा-पंधरा वर्षं सहज जातात. याच गावात 21 डिसेंबर 1909 च्या रात्री विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कर्वे, देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झालीसुद्धा. चार महिनेही लागले नाहीत. आजची कथा लिहिताना तो वेग विसरा. तुमचा नायक आत जाताना पंचविशीत असेल, तर त्या रात्री त्याच्या कानाजवळचे केस पांढरे झालेले असतील.

आता त्या रात्रीबद्दल. 30 जुलै 2015 ला पहाटे तीनच्या सुमारास सर्वोच्च न्यायालय उघडलं आणि मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनची याचिका ऐकली गेली. ती फेटाळली गेली आणि त्याच सकाळी नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. 20 मार्च 2020 ला निर्भया प्रकरणातही पहाटेपर्यंत सुनावणी चालली आणि साडेपाचला तिहारमध्ये चौघांना फाशी झाली. त्याआधी तीन वेळा ठरलेली तारीख टळली होती. दोन्ही रात्री वाद कशावर चालला होता ते पाहा. दयेचा अर्ज नाकारल्यानंतर पुरेसे दिवस मिळाले का, अर्ज नाकारताना सगळे कागद विचारात घेतले का, असे मुद्दे होते. 21 जानेवारी 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की अर्ज नाकारल्याचं कैद्याला कळवल्यापासून प्रत्यक्ष फाशीपर्यंत चौदा दिवस गेलेच पाहिजेत, घरच्यांना वेळेत कळवलं पाहिजे, वकिलाची मदत मिळाली पाहिजे. रात्रीच्या लढाया या असल्या मुद्द्यांवर होतात.

फाशी खरोखर थांबली अशी रात्र हवी असेल तर नोएडातल्या मुलांच्या हत्यांचं निठारी प्रकरण वाचा. 2 सप्टेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की फाशीच्या प्रकरणातली पुनर्विचार याचिका बंद दालनात न ठेवता खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे. त्याच सुमारास निठारीतल्या कैद्याचं फाशीचं वॉरंट निघालं आणि त्याला मेरठच्या तुरुंगात हलवलं गेलं. निकाल लागून आठवडा उलटायच्या आत वकील मध्यरात्रीनंतर न्यायमूर्तींपुढे उभे राहिले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की याचीही याचिका खुल्या न्यायालयात ऐका. फाशीला स्थगिती मिळाली. त्या रात्री तो निर्दोष आहे असं कुणी ठरवलं नाही, कुणी तसं ठरवायला सांगितलंही नव्हतं. खुली सुनावणी झाली, तीत तो हरला. पुढे दयेच्या अर्जाला उशीर झाला म्हणून फाशीची जन्मठेप झाली. मग त्याच धर्तीच्या पुराव्यावर उभ्या असलेल्या बाकीच्या खटल्यांत तो सुटत गेला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये क्युरेटिव्ह याचिकेवर शेवटच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. त्या रात्रीने त्याला अकरा वर्षं मिळवून दिली. ती मिळाली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे वाचून तुम्हाला दिसेल की तुमचा शेवट पूर्ण चुकीचा नाही. तो शेवट नसून मध्य आहे, एवढंच.

मग पुराव्याचा थरार कुठे? माझं उत्तर: खालच्या कोर्टात. आणि तो घडत असताना कुणाला कळतही नाही.

उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय साक्षीदाराचं तोंड पाहत नाहीत, ते कागद वाचतात. सत्र न्यायालयातल्या सरतपासणी, उलटतपासणी, पंचनामे, शवविच्छेदन अहवाल, आरोपीचा जबाब, सगळं पेपरबुकात छापलेलं असतं. जे खाली विचारलं नाही ते पेपरबुकात नाही, आणि जे पेपरबुकात नाही त्यावर वर बोलता येत नाही. शिक्षा कायम करण्याच्या टप्प्यावर उच्च न्यायालयाला जादा पुरावा घ्यायचा अधिकार आहे, आता कलम 408 खाली. तुमच्या नव्या साक्षीदारासाठी खरा दरवाजा तोच आहे. पण तो दरवाजा उघडायला सबळ कारण लागतं, आणि इतक्या वर्षांनी माणूस हयात असावा लागतो.

मी ज्युनिअर असताना एका खुनाच्या अपिलात सीनिअरांना मदत करत होतो. खटला खाली दुसऱ्या वकिलाने चालवला होता. आरोपीने मोरीजवळ लपवलेला कोयता काढून दिला, असा पंचनामा होता. पंच म्हणाला, मला दहा वाजता पोलीस ठाण्यात बोलावलं, तिथून आम्ही निघालो. स्टेशन डायरीत मात्र आरोपीला घेऊन पथक नऊलाच निघाल्याची नोंद होती. डायरीची नक्कल फाईलमध्ये होती, निशाणी पडलेली होती, म्हणजे पुरावा म्हणून तिला क्रमांक मिळालेला होता. फक्त पंचाला कुणी विचारलं नव्हतं की बाबा रे, पथक नऊला गेलं तर तू दहाला कुणाबरोबर निघालास? मुंबईत न्यायमूर्तींनी पहिलाच प्रश्न केला, हे साक्षीदाराला विचारलं आहे का? सीनिअरांनी पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. विचारलेलं नव्हतं. पंच तोपर्यंत वारला होता. फाशी दुसऱ्या कारणाने जन्मठेपेत बदलली, पण दोष कायम राहिला. तो माणूस दोषी होता की नव्हता हे मला आजही माहीत नाही. उलटतपासणीत तो एक प्रश्न आला असता तर कदाचित कळलं असतं, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

हे आपल्याच जिल्ह्यात घडतं असं समजू नका. शेजारच्या मध्य प्रदेशात खंडव्याला 2013 मध्ये एका तरुणाला बालिकेच्या खुनासाठी फाशी सुनावली गेली. ज्या दिवशी त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला त्याच दिवशी दोषारोप ठेवले गेले, आणि अवघ्या दोन आठवड्यांत खटला संपला. डिसेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला लावला. सोबत नियम घालून दिला की फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात नेमलेला वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा हवा आणि तयारीला त्याला साधारण सात दिवस तरी मिळाले पाहिजेत. नव्या खटल्यातही 2022 मध्ये फाशीच झाली, उच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला पुन्हा खाली पाठवला, तेव्हा कुठे डीएनए अहवालाची नीट तपासणी झाली आणि 2024 मध्ये तो सुटला. अहवाल आधीही होता. तो समजून घेऊन तज्ज्ञाला प्रश्न विचारायला कुणाला वेळच मिळाला नव्हता.

आणि आपल्या राज्यातलं जालना जिल्ह्यातल्या भोकरदनजवळचं 2003 चं प्रकरण. भटक्या जमातीतले सहा जण. उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी कमी केली होती, 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन पुन्हा सुनावणी केली आणि 5 मार्च 2019 ला सगळ्यांना निर्दोष सोडलं. कारण काय, तर जखमी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार भलत्याच माणसांना ओळखलं होतं आणि त्यांचा पाठपुरावाच झाला नव्हता. सोळा वर्षं हा कागद होता. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश दिले. तुम्हाला थरार हवा आहे ना? तो अल्बम पडद्यावर पहिल्या दहा मिनिटांत दाखवा, एखाद्या हवालदाराच्या टेबलावर, चहाच्या कपाखाली. मग दोन तास कुणालाच तो दिसू देऊ नका.

आरोपीच्या जबाबाबद्दलही लिहितो, कारण चित्रपटांत तो कधीच नीट येत नाही. सरकारी पुरावा संपला की न्यायाधीश आरोपीला एकेक मुद्दा विचारतात. आम्ही त्याला अजून 313 चा जबाब म्हणतो, नवीन संहितेत ते कलम 351 झालं आहे. छापील प्रश्न, खाली उत्तर. "अमुक साक्षीदार म्हणतो की तू तिथे होतास, तुला काय म्हणायचं आहे?" "खोटं आहे." "तमुक वस्तू तुझ्याकडून जप्त झाली, काय म्हणायचं आहे?" "माहीत नाही." शंभर-सव्वाशे प्रश्न, आणि खाली तेच दोन शब्द. पेपरबुकाच्या हजार पानांत आरोपीचा स्वतःचा आवाज एवढाच. दिल्लीत त्याच्या जिवाचा निर्णय घेणाऱ्यांनी त्याला कधी पाहिलेलं नसतं, त्यांच्यापुढे असतं ते "खोटं आहे, माहीत नाही". सुरगाण्याकडचा, कोकणा बोली बोलणारा मुलगा असेल तर त्याला प्रश्नच अर्धा कळलेला असतो.

दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी होते. 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी फक्त "दुर्मिळातल्या दुर्मिळ" प्रकरणात द्यायची, आणि ती देताना गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहायचा, असं ठरलं आहे. पण वर्षानुवर्षं ही सुनावणी उरकली जात असे. मीही तरुणपणी उभा राहून "वय लहान आहे, म्हातारी आई आहे, पहिलाच गुन्हा आहे" एवढं बोलून बसलो आहे. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बदललं. आता त्याचं बालपण, आजार, मानसिक स्थिती, तुरुंगातली वागणूक याची माहिती खालच्या कोर्टातच गोळा करून ठेवावी लागते.

त्यासाठी मी एकदा सुरगाणा तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. नाव सापडलं. जन्मतारीख 1 जून. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली माणसं गावागावांत आहेत, तुमच्या घरातही कुणी असेल. मग खरं वय काय? घटनेच्या दिवशी अठरा पूर्ण होती की दोन महिने कमी होते? कायदा शाळेच्या नोंदीला पहिला मान देतो, ती नसेल तर जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. अठराच्या आत असेल तर फाशी देताच येत नाही, आणि वयाचा हा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, सगळं संपल्यावरसुद्धा, काढता येतो. त्या रजिस्टरने माझ्या आरोपीला फायदा झाला नाही, नोंदीप्रमाणे तो एकोणीस वर्षांचा निघाला. पण दुसऱ्या एकाला अशाच नोंदीचा झाला. 1994 च्या पुण्यातल्या हत्याकांडात फाशी झालेला एक कैदी मार्च 2023 मध्ये सुटला. राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या नोंदीत नाव थोडं वेगळं होतं आणि त्या हिशेबाने घटनेच्या दिवशी तो साडेबारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तो तुरुंगात होता. तुमचा गाडीत घालून आणलेला साक्षीदार त्या रजिस्टरापुढे फिका पडतो असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक जागा आहे, जिथे घड्याळ उलटं चालतं. 2007 च्या पुण्यातल्या एका प्रकरणात राष्ट्रपतींनी 2017 मध्ये दयेचा अर्ज नाकारला. वॉरंट निघायला 2019 उजाडलं. 24 जून 2019 ही तारीख ठरली होती. मधली दोन वर्षं फाईल एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत होती आणि आतले दोघे रोज दाराच्या आवाजाकडे कान लावून होते. उच्च न्यायालयाने तारखेच्या तोंडावर फाशी थांबवली आणि या विलंबासाठी पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. तिथे खलनायक कुणीच नाही. पत्राला उत्तर न देणारं एक टेबल आहे. हे पडद्यावर आणणं अवघड आहे, पण मी प्रेक्षक म्हणून ते पाहीन.

तपशिलाच्या चुका पटकन सांगतो. आपल्याकडे आता ज्युरी नाही आणि न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. फाशी लिहिल्यावर पेनाचं निब मोडतात ती रीत आहे, कायदा नाही. नाशिकरोडच्या तुरुंगात फाशी दाखवू नका, कसाबला 2012 मध्ये येरवड्यात फाशी झाली आणि मेमनला नागपुरात, तुमचा कैदीही शेवटी तिकडे जाईल. म्हणजे पेठ-सुरगाण्याहून एसटीने सीबीएसला (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरून मुलाखतीला येणारी त्याची आई, तिचा रस्ता अचानक शेकडो किलोमीटरांनी वाढेल. ते दृश्य मात्र नक्की घ्या. शिक्षा अंतिम होईपर्यंत त्याला एकांतकोठडीत टाकता येत नाही, हे 1978 पासून ठरलेलं आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून अंधारी खोली नको.

आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला कथेत जागा द्या. मी बचावाचा वकील असूनही हे आग्रहाने सांगतो. प्रत्येक स्थगितीच्या दिवशी कोर्टाच्या मागच्या बाकावर ते लोक बसलेले असतात. त्यांची तारीखही पुढे ढकललेली असते. चुकीचा माणूस आत असेल तर त्यांचीही तितकीच फसवणूक झालेली असते.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. रात्रीची धावपळ ठेवली असती, पण ती चित्रपटाच्या मध्यावर, आणि तिथे वकिलाच्या हातात साक्षीदार नसता, चौदा दिवस मोजलेलं एक कॅलेंडर असतं. फाशी थांबते, आणि तो अजून दोषीच असतो. दुसऱ्या भागात ज्युनिअर वकील, बहुधा एखादी मुलगी, जुनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला बसते. प्रेक्षकाने अल्बम किंवा रजिस्टर पाहिलेलं आहे, तिने नाही.

लिहिण्यापूर्वी एक-दोन दिवस सीबीएसजवळच्या आपल्या कोर्टात येऊन बसा. सत्र न्यायाधीशांपुढे खुनाचा खटला चालू असेल तिथे मागच्या बाकावर जागा मिळते, खटला बंद दालनात नसेल तर कुणी अडवत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे मी सांगितलेले निकाल संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आणि ओळखीच्या वकिलाकडे जुन्या, संपलेल्या खटल्याचं पेपरबुक मिळालं, तर निकालपत्र शेवटी वाचा. आधी आरोपीचा जबाब काढा, तो "माहीत नाही" कुठल्या प्रश्नाला म्हणाला ते बघा, आणि मग मागे जाऊन त्या मुद्द्यावरच्या साक्षीदाराला वकिलाने काय विचारलं आणि काय विचारायचं राहिलं ते शोधा.